बीटी कपाशी आणि काळ्या मातीतले गांडूळ

मराठीत एखाद्याला गांडूळ म्हणणे म्हणजे त्याला कणा नाही असे म्हणणे. शाळेच्या निबंधात मात्र हाच प्राणी 'शेतकऱ्याचा मित्र' असतो. शिवी आणि गौरव असे दोन्ही वाट्याला आलेले जीव आपल्या भाषेत थोडेच. या गांडुळाचा विचार पुन्हा करावा लागला तो एका विद्यार्थ्यामुळे. मनावर तहसिलीतल्या या मुलाच्या घरी कपाशी होते. तास संपल्यावर निमाडी वळणाच्या हिंदीत त्याने विचारले, की बीटी कपाशी आल्यापासून शेतात गांडूळ दिसत नाहीत असे वडील म्हणतात, हे खरे का? मी साहित्याचा माणूस. त्या दिवशी उत्तर देता आले नाही. नंतर सवडीने वाचले, जाणत्यांना विचारले, त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

धार जिल्ह्याचा दक्षिण भाग, म्हणजे विंध्य उतरून नर्मदेकडे जाताना लागणारा मनावर, कुक्षी, धरमपुरीचा पट्टा, हा कापसाचा मुलूख. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. ते वाण जालन्याच्या महिको कंपनीचे होते आणि परवानगीच्या सहा राज्यांत मध्य प्रदेश होते. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले आणि पाहता पाहता साधे बियाणे दुकानांतून दिसेनासे झाले.

बीटी म्हणजे 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' हा जिवाणू. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना तो आजारी रेशीमकिड्यांत आढळला आणि पुढे जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतावरून बर्लिनर यांनी त्याला नाव दिले. हा जिवाणू मातीत पूर्वीपासून राहतो. तो 'क्राय' नावाची प्रथिने तयार करतो. अळीच्या आतड्यातला रस तीव्र अल्कधर्मी असतो, त्यात हे प्रथिन विरघळते, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी जाऊन बसते आणि तिथे छिद्रे पाडते. अळी खाणे थांबवते आणि मरते. गांडुळाच्या आतड्यात तसा तीव्र अल्कधर्मी रस नसतो आणि प्रथिनाला धरून ठेवणाऱ्या त्या जागाही आढळलेल्या नाहीत. म्हणून विषाचा थेट घाव गांडुळावर पडावा असे कारण दिसत नाही.

तरी शंका रास्त होती. जिवाणूतले प्रथिन थोडे आणि कधीमधी. पिकातले मात्र पानात, खोडात, मुळात, हंगामभर. १९९९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या स्टॉट्झ्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की बीटी मक्याच्या मुळांतून हे विष मातीत झिरपते. त्याच प्रयोगशाळेने आणखी एक गोष्ट सिद्ध केली होती. चिकणमातीच्या कणांना चिकटलेले हे प्रथिन सूक्ष्मजीवांना सहज खाता येत नाही आणि त्याची मारकशक्तीही टिकून राहते. ही चिकणमाती म्हणजे उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगून पायाला लोळागोळा होऊन चिकटणारी आपली काळी माती ज्या जातीची, त्या जातीची. हे वाचताना मी थबकलो, हे कबूल करतो.

पुढचे वाचल्यावर जीव थोडा भांड्यात पडला. विष जास्त काळ टिकते ते आम्लधर्मी मातीत. आपली काळी माती बहुधा उदासीन किंवा अल्कधर्मी. शिवाय २००४ मध्ये त्याच चमूने जाहीर केले, की मका, बटाटा आणि भात यांच्या मुळांतून विष झिरपते, कपाशीच्या मुळांतून झिरपताना त्यांना आढळले नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात सलग तीन ते सहा वर्षे बीटी कपाशी घेतलेल्या शेतांची मातीही तपासली गेली. तिच्यात हे प्रथिन सापडले नाही.

गांडुळांवरचे प्रयोग मुख्यतः मक्यावरचे. विष गांडुळाच्या पोटात जाते, विष्ठेत उतरते, पण गांडुळे मरत नाहीत, असे २००१ मध्ये दिसले. स्वित्झर्लंडमधल्या २००३च्या प्रयोगाने मात्र थोडी खळबळ केली. बीटी मक्याचा पाचोळा खाणाऱ्या प्रौढ गांडुळांचे वजन २०० दिवसांनी १८ टक्के घटले, साधा पाचोळा खाणाऱ्यांचे ४ टक्के वाढले. मरणाऱ्यांच्या संख्येत फरक नव्हता. हा विषाचाच परिणाम, की पाचोळ्याच्या कसातला फरक, हे त्या प्रयोगातून उलगडले नाही. मातीत उड्या मारणारे पंखहीन बारीक कीटक, सूत्रकृमी, माइट यांच्यावरच्या बहुतेक अभ्यासांतही फरक दिसला तो किरकोळ. मातीचा प्रकार, ऋतू आणि नांगरट यांनी पडणारा फरक त्याहून मोठा होता.

मग त्या मुलाचे वडील चुकीचे पाहतात का? मला तसे वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवण्याचा मला अधिकारही नाही. उलगडा झाला तो देवासला, एका लग्नात. तिकडच्या माझ्या आप्तांची शेती सोयाबीन आणि गव्हाची. सोयाबीनचे जनुकबदल केलेले वाण लावायला भारतात परवानगी नाही आणि कपाशी त्यांच्या शिवारात कधी नव्हतीच. तक्रार मात्र शब्दशः तीच: पूर्वी पहिल्या पावसात गांडुळांचा खच पडायचा, आता दिसत नाही.

म्हणजे दोन्हीकडे जे समान आहे ते पाहायला हवे. बैल गेले, त्यांच्याबरोबर शेणखत गेले. रोटाव्हेटर आला. माळव्यात पूर्वी पावसाळ्यात पुष्कळ काळी राने पडीक असत, पेरणी रब्बीची. १९७० नंतर सोयाबीन पसरले आणि तो विसावा संपला. तणनाशके आली. आणि कपाशीच्या बाबतीत एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. पाकिटातले ते रंगीत बी रंगीत का असते? त्याच्यावर औषधाचा लेप असतो. बहुधा तो इमिडाक्लोप्रिडचा, आणि हे कीटकनाशक गांडुळांना बाधक असल्याचे प्रयोगांतून दिसले आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने लेप आणि जनुक एकाच पाकिटातून येतात. वैज्ञानिक प्रयोगात ते वेगळे केले जातात. 'बीटी आल्यापासून' या दोन शब्दांच्या सबबीत किती गोष्टी एकदम दडल्या आहेत! त्यात गुलाबी बोंडअळीला बीटी पचू लागली आणि फवारे परतले. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे मेली. तिथे गांडुळांची मोजदाद कोण करणार?

धार आणि देवास यांच्या मधोमध इंदूर आहे. तिथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड कापसाच्या संशोधनासाठी होते. यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९३१ मध्ये कंपोस्टवर पुस्तक लिहिले. ती पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. पऱ्हाट्या कठीण असतात, लवकर कुजत नाहीत, म्हणून ते त्या शेतरस्त्यावर पसरून गाड्यांखाली चिरडून घेत आणि मग शेणाबरोबर कुजवत. पुढे १९४५ मध्ये डार्विनच्या गांडुळांवरील पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली ती याच हॉवर्डनी. आमच्याकडे पऱ्हाट्या आता बहुतेक चुलीत जातात किंवा बांधावर जाळल्या जातात.

त्या मुलाला मी हे सगळे सांगितले. तो म्हणाला, मोजून पाहतो. जुलैत, चांगला पाऊस होऊन गेल्यावर, पाव मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल असा मातीचा ठोकळा काढायचा आणि गोणपाटावर हाताने फोडत गांडुळे वेचायची, ही साधी रीत त्याला समजावली आहे. दहा ठोकळे कपाशीतले, दहा शेजारच्या मक्यातले आणि दहा गोठ्यामागच्या उकिरड्यालगतच्या तुकड्यातले. वडील हसले म्हणे, पण कुदळ त्यांनीच काढून ठेवली आहे.