रफार कापला जाऊ नये म्हणून

मराठी विकिपीडियावर एखाद्या किल्ल्याचा लेख उघडला की त्यातला फोटो बहुतेक वेळा मराठी विकिपीडियाच्या स्वतःच्या साठ्यातला नसतो. तो विकिमीडिया कॉमन्समधून येतो आणि तिथूनच हिंदी, कन्नड, जर्मन लेखांनाही पुरवला जातो. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा ही सोय नव्हती. एकच नकाशा पाच भाषांत हवा असेल तर तो पाचदा चढवायचा, आणि त्यात चूक निघाली तर पाचही ठिकाणी निस्तरायची. सप्टेंबर २००४ मध्ये कॉमन्स आलं. आज तीनशेहून अधिक भाषांतले विकिपीडिया त्याच साठ्यातून चित्रं घेतात. तिथे दहा कोटींहून जास्त फायली आहेत.

एवढ्या फायली ठेवायच्या कशा? विषयवार फोल्डर करायचा मोह होतो. पण किल्ला इतिहासात टाकायचा की स्थापत्यात, यावर पहिल्याच दिवशी वाद होईल. मीडियाविकी हे विकिपीडियामागचं सॉफ्टवेअर विषयाकडे बघतच नाही. ते फाइलच्या नावावर एमडी५ ही गणिती प्रक्रिया चालवतं आणि ३२ चिन्हांची एक ओळ काढतं. त्यातलं पहिलं चिन्ह हे बाहेरच्या फोल्डरचं नाव, पहिली दोन मिळून आतल्याचं. 'एक्झाम्पल डॉट जेपीजी' ही नमुन्याची फाइल म्हणून 'ए' मधल्या 'ए९' मध्ये सापडते. चिन्हं १६ प्रकारची, त्यामुळे कप्पे २५६, आणि ते जवळपास सारखे भरत जातात. विषयवार वर्ग वेगळे ठेवलेले आहेत. एक फाइल हव्या तेवढ्या वर्गांत असू शकते, तिचा पत्ता मात्र एकच. मला ही विभागणी फार शहाणपणाची वाटते.

पत्ता नावावरून ठरत असल्याने नकाशा दुरुस्त करून त्याच नावाने चढवला की सगळ्या भाषांतल्या लेखांत नवा नकाशा दिसू लागतो. स्टाइलशीट म्हणजे पानाची मांडणी ठरवणारी फाइल. तिच्यातल्या छोट्या चिन्हांचं, म्हणजे बटणांवरच्या आकृत्यांचं, गणित उलटं. ब्राउझर त्या एकदा उतरवून कॅशमध्ये ठेवतो आणि बराच काळ पुन्हा मागत नाही. म्हणून त्यांच्या पत्त्यामागे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेली पाच चिन्हं जोडली जातात. आकृतीत रेघ बदलली की पत्ताही बदलतो आणि जुनी प्रत आपोआप बाद होते. लेखांतून बोट दाखवलेल्या चित्राचा पत्ता टिकायला हवा, सजावटीच्या चित्राचा बदलायला हवा. अनेक संकेतस्थळांचा साठा एकत्र करणाऱ्याने हा फरक आधी ओळखावा.

सामायिक साठ्यात धोकाही सामायिक असतो. राष्ट्रध्वजाची फाइल कुणी खोडसाळपणे बदलली तर ती असंख्य लेखांत एकदम बिघडेल. त्यामुळे खूप वापरातल्या फायलींना प्रचालक कुलूप लावतात.

स्टाइलशीटच्या बाबतीत कॉमन्ससारखा एकच साठा पुरत नाही. मूळ मांडणी सगळ्यांची एक, शिवाय प्रत्येक भाषेच्या विकीला आपली वेगळी 'कॉमन डॉट सीएसएस' फाइल असते. आता 'मूर्तिपूजा' हा शब्द ठळक, मोठ्या शीर्षकात पाहा. वर रफार, खाली दोन दीर्घ ऊकार. रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून ओळींची उंची ठरवली तर असं शीर्षक दोन ओळींत गेल्यावर वरचे ऊकार खालच्या रफाराला भिडतात. ही दुरुस्ती मराठीपुरत्या फाइलमध्ये दोन मिनिटांत करता आली असती. मग हिंदीने आपली वेगळी केली असती, बंगालीने वेगळी, आणि नवी मांडणी आली की साऱ्यांची पुन्हा मोडली असती. मीडियाविकीने तो नियम मूळ स्टाइलशीटमध्येच घातला. हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू अशा भाषांच्या रांगेत मराठीचाही संकेत लिहिला आणि त्या सगळ्यांच्या मुख्य शीर्षकांना ओळीची उंची अक्षराच्या १.६ पट दिली. मराठी मजकूर जर्मन विकीवर उद्धृत करून मुख्य शीर्षकात ठेवला आणि त्या शीर्षकावर भाषेचा संकेत लावला, तरी तिथेही हाच नियम लागू होतो.