पाहुणा की सहकारी?

परक्या माणसाला शाळेत बोलावणे सोपे. त्याला शाळेत सामावून घेणे कठीण. जपानने या दोहोंचा अनुभव दीर्घकाळ घेतला आहे. लाफ्कादिओ हर्न हा लेखक १८९० मध्ये मात्सुए येथील शाळेत इंग्रजी शिकवू लागला आणि १८९६ मध्ये त्या देशाचा नागरिक झाला. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, १९८७ मध्ये, परदेशी तरुणांना साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून शाळाशाळांतून नेमण्याची योजनाच जपान सरकारने सुरू केली. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण गेले. आजवर ही संख्या सत्तर हजारांच्या पुढे गेली आहे.

या साहाय्यकाचा दिवस कसा जातो? सकाळी दाराशी बाहेरचे जोडे फडताळात ठेवून आतले पायांत घालावयाचे. शिक्षकांच्या खोलीत सर्वांची टेबले एकमेकांना लागून असतात. सकाळची बैठक अर्थातच जपानीत चालते. भाषा न येणारा नवखा इतरांकडे पाहून मान लववितो. वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाची. याने धडा मोठ्याने वाचावा आणि मुलांनी तो त्याच्यामागून म्हणावा. जेथे दोघे मिळून पाठाची आखणी करतात तेथे तास रंगतो. जेथे तसे होत नाही तेथे हा सुशिक्षित माणूस केवळ बोलते यंत्र होऊन उभा राहतो. करार एका वर्षाचा, फार तर पाच वर्षांपर्यंत वाढणारा. कित्येकांच्या वाट्याला एकाहून अधिक शाळा येतात, आणि मग शेकडो चेहऱ्यांपैकी एकाचेही नाव नीट लक्षात राहत नाही.

याचा सारा दोष जपानी शिक्षकांना देणे अन्यायाचे होईल. प्रवेशपरीक्षेची टांगती तलवार त्यांच्याही डोक्यावर असते. व्याकरण पुरे करायचे की पाहुण्याबरोबर गप्पा मारायच्या, हा पेच आपल्या शिक्षकांना अपरिचित नाही.

परंतु त्याच शाळेत दुपारी चित्र पालटते. पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून मुलेच जेवण वाढतात आणि शिक्षक वर्गातच त्यांच्या पंक्तीला बसतात. त्यानंतर मुले झाडू-फडकी घेऊन वर्ग, जिने, व्हरांडे स्वच्छ करतात. परका शिक्षकही हाती फडके घेतो, आणि तासाला तोंड न उघडणारा एखादा मुलगा बादली कोठे ठेवायची हे त्याला मोडक्यातोडक्या शब्दांत सांगू लागतो. येथे दोघांचे एकमेकांवाचून अडते, म्हणूनच भाषा कामाला लागते. मानाच्या खुर्चीपेक्षा कामातला वाटा माणसाला लवकर आपलासा करतो, हेच यातून दिसते.

हा वाटा किती मोठा असू शकतो याचे उदाहरण एका मराठी माणसाचेच आहे. योगेंद्र पुराणिक हे मूळचे महाराष्ट्रातले. २०१२ मध्ये त्यांनी जपानचे नागरिकत्व घेतले, २०१९ मध्ये तोक्योतील एदोगावा प्रभागाच्या सभेवर ते निवडून आले. ते साहाय्यक शिक्षकांच्या योजनेतून आलेले नव्हेत. परंतु इबाराकी प्रांतातील त्सुचिउरा येथील जुन्या सरकारी शाळेत ते २०२२ मध्ये उपमुख्याध्यापक आणि २०२३ मध्ये मुख्याध्यापक झाले. परदेशात जन्मलेल्या माणसाच्या हाती एका जपानी शाळेने आपला कारभार दिला, ही गोष्ट लहान नव्हे.

मनोरीच्या खाडीकाठी बसून जपानची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या शाळांतच आहे. मार्व्याहून फेरीबोटीने या किनाऱ्यावर उतरणाऱ्या शिक्षकाच्या कानी ईस्ट इंडियन आणि कोळी घरांतली बोली पडते. ती पुस्तकातल्या मराठीहून निराळी असते. मेळघाटात तर मूल कोरकू बोलतच शाळेत येते. आपल्याच राज्यात, आपलाच शिक्षक अशा रीतीने परका ठरतो. त्यातून २००० पासूनच्या शिक्षणसेवक योजनेने त्याची पहिली तीन वर्षे मानधनावर ठेवली. २०२३ मध्ये प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार रुपये झाले, हे योग्यच झाले. परंतु रक्कम वाढली म्हणून परकेपणा सरत नाही.

तो सरावयाचा तर दोन्ही बाजूंनी हालचाल हवी. नव्या शिक्षकाने मुलाच्या बोलीला अशुद्ध म्हणून झिडकारण्याऐवजी तिच्यातले चार शब्द मुलाकडूनच शिकावेत. जुन्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर नको असलेली कामे ढकलण्याऐवजी पाठाच्या आखणीत त्याला सामील करून घ्यावे. गावानेही ‘बदली झाली की जाणारा’ एवढीच त्याची ओळख ठेवू नये. यासाठी ना नवा आयोग नेमावा लागतो, ना अनुदानाची वाट पाहावी लागते. शिकवायला आलेल्या माणसाला आपणही काही शिकवू शकतो, हे एकदा मुलाला कळले की त्याचे शाळेशी नाते जुळते, आणि त्या शिक्षकाचेही.