एक नाव, एकच संगणक

(प्रतिनिधी)

पौष पौर्णिमेला म्हसा येथे यात्रा सुरू झाली की मुरबाड तालुक्यातील या गावी गुरांचा मोठा बाजार भरतो. अशा गर्दीत एखाद्या पतसंस्थेत काय घडू शकेल, याची कल्पना करून पाहा. एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड घेऊन दुसरा शेजारच्या संगणकावर काम सुरू करतो. रांग लवकर सरते. पण संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर दोन्ही संगणकांवरील नोंदींत नाव एकाचेच दिसते. मग जबाबदार कोण?

यावर उपाय म्हणजे एका वापरकर्त्याला एका वेळी एकाच संगणकावर प्रवेश देणे. नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर या जुन्या प्रणालीत अशी मर्यादा घालण्याची सोय होती. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ती तयार मिळत नाही. कोणी कोणत्या संगणकावरून आणि कोणत्या वेळेत प्रवेश करावा, हे तेथे ठरविता येते. एकाच वेळी किती संगणकांवर, हे मात्र नाही. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागते.

अडचण अशी की, आलेला माणूस सर्व्हरला कळतो. गेलेला खात्रीने कळत नाही. वीज गेली आणि संगणक अचानक बंद पडला, तर वापरकर्ता आतच असल्याची नोंद राहू शकते. वीज आल्यावर त्यालाच प्रवेश नाकारला जातो! म्हणून काही काळ काम न झाल्यास प्रवेश आपोआप संपला पाहिजे आणि अडकलेली नोंद सोडविणारी जबाबदार व्यक्तीही हाताशी हवी.

पासवर्ड दुसऱ्याच्या हाती जाण्याचे परिणाम किरकोळ नसतात. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील शाखेत 2018 मध्ये उघडकीस आलेल्या हजारो कोटींच्या गैरव्यवहारात अधिकाऱ्याचा पासवर्ड बाहेरच्यांनी वापरल्याचा आरोप झाला होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अर्थात, मालक घरी गेल्यावर कोणी त्याचा पासवर्ड वापरला, तर ही मर्यादा त्याला अडवू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचे वापरकर्ता-नाव देणे, ही पहिली पायरी ठरते. ते नसेल, तर गर्दीच्या दिवशी पासवर्डची उसनवारी होणारच.