यात्रेला घरचे सगळे जाऊ या

मार्गशीर्ष लागला की बागलाणातल्या शेतकऱ्याला दिवस पुरत नाही. लाल कांदा काढून बाजारात न्यायचा असतो. उन्हाळ कांद्याची रोपे लागणीला आलेली असतात. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे असते आणि विजेची पाळी रात्रीची असली तर थंडीत कुडकुडत बारे धरायला जावे लागते. नेमक्या याच गडबडीत, मार्गशीर्ष वद्य एकादशीला, सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते आणि पुढे पंधरवडाभर चालते. इंग्रजी महिना बहुधा डिसेंबर असतो, कधी जानेवारीची सुरुवात.

देशोदेशीचे शेतकरी पीक घरात आल्यावर एक दिवस आभाराचा पाळतात. अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार तसा असतो. त्या दिवशी दूरदूरची लेकरे घरी येतात आणि सारे एका पंगतीला बसतात. १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन यांनी हा दिवस साऱ्या देशासाठी जाहीर केला होता. आपल्याकडेही मार्गशीर्षातल्या गुरुवारी आयाबाया घट मांडून लक्ष्मीची पूजा करतात. पण बागलाणाचा आभाराचा खरा दिवस कोणता म्हणाल, तर आमच्या मते ही यात्रा. ही यात्रा दुष्काळात धान्य देणाऱ्या माणसाची आहे.

यशवंत महादेव भोसेकर हे त्यांचे नाव. जन्म पुण्याचा, १८१५ सालचा. सरकारी नोकरीत चढत ते बागलाणचे मामलेदार झाले आणि त्यांची कचेरी सटाण्याला होती. १८७०-७१ साली दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून तडफडू लागली. सरकारी खजिन्याच्या किल्ल्या हाती असलेल्या या मामलेदाराने खजिना उघडला आणि पैसा गोरगरिबांत वाटून टाकला. हा आकडा १,२७,००० रुपये सांगतात. पुढे वरचे साहेब तपासणीला आले, तेव्हा तिजोरीतली रक्कम पुरी भरली, अशी कथा घरोघर सांगितली जाते.

चमत्कार मानायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. पण मंडळी, इतके तर खरेच की नोकरी, अब्रू आणि तुरुंग यांचा विचार बाजूला ठेवून एका अधिकाऱ्याने उपाशी माणसाकडे पाहिले. लोकांनी त्यांना देव केले, ते यासाठी. ११ डिसेंबर १८८७ रोजी, मार्गशीर्ष वद्य एकादशीला, नाशिकला त्यांनी देह ठेवला. आजही त्या तिथीला पहाटे तहसीलदारांच्या हस्ते महापूजा करण्याची प्रथा सटाण्यात आहे. मामलेदाराच्या खुर्चीवर बसणाऱ्याने त्या खुर्चीतल्या देवमाणसाला हात जोडायचे, ही केवढी मोठी गोष्ट!

आता आमच्या घरची हकीकत सांगतो. आमचे गाव सटाण्यापासून दोन-तीन कोसांवर. यात्रेच्या दिवशी गाडी जुंपली की आम्ही पोरे आधी चढून बसायचो. वडील, काका, आत्या सगळे निघायचे. आई मात्र भाकरी बांधून द्यायची आणि दारात उभी राहून म्हणायची, “तुम्ही जाई या, मी घर शे.” गोठ्यात म्हैस, खळ्यावर कांदा, घरात म्हातारी आजी. कोणीतरी राहायलाच हवे, आणि ते कोणीतरी म्हणजे आईच, हे ठरून गेलेले होते. संध्याकाळी आम्ही गोडीशेव, रेवड्या आणि तिच्यासाठी बांगड्या घेऊन यायचो.

एका वर्षी वडिलांनी आणलेल्या बांगड्या तिच्या हातात चढेनात. वडील म्हणाले, “मागच्या वर्षीच्याच मापाच्या आणल्या की!” आई हसून म्हणाली, “अहो, मागच्या वर्षीच्याही चढल्या नव्हत्या. हात बरोबर नेला असता, तर माप कळलं असतं.”

वडील काही बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षी त्यांनी आपणहून सांगितले, “यंदा मी घरी थांबतो. तू जा.”

आई आमच्याबरोबर आली. तिने कासाराकडे बसून बांगड्या भरल्या, पाळण्यात मात्र बसली नाही. आरम नदीकाठच्या मंदिरात ती बराच वेळ उभी राहिली. परत येताना आत्याने विचारले, “वहिनी, एवढं काय मागितलंत?” आई म्हणाली, “मागितलं काही नाही. बहात्तर साली खडी फोडली, मिलो खाल्ला, पण घरातलं एकही माणूस गेलं नाही. तेवढं सांगून आले.”

तेव्हा त्या दुष्काळाला सहा-सात वर्षे झाली होती. आम्ही दर वर्षी यात्रेला जात होतो, पण आभार मानायचे जिच्या मनात होते, तिलाच घरी ठेवून जात होतो. तुमच्या घरी असे कोण आहे, हे यंदा यात्रेआधी जरा पाहा. आई असेल, थोरली सून असेल, गुडघे दुखणारे आबा असतील किंवा सालदाराची बायको असेल.

घर कोण राखणार, हा प्रश्न खरा आहे. पण पाळी लावायला आपल्याला कोणी शिकवायला नको. मोसम आणि आरम नदीकाठच्या गावांनी फडपद्धतीत पिढ्यान् पिढ्या पाणी पाळीने घेतले. पाणी वाटायला पाटकरी होता, पीक राखायला जागल्या होता. पाण्याला पाळी लागते, तशी घर राखण्यालाही लावता येते. यात्रा काही एका दिवसाची नाही. शेजारच्या दोन-तीन घरांनी दिवस वाटून घ्यावेत. आज आमची गुरे तुम्ही पाहा, परवा तुमची आम्ही पाहू. मजुरांची टोळी कोणत्या दिवशी लागणीला येणार, हे आधीच ठरवले की एक दिवस मोकळा निघतो.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एकादशीला दर्शनाची रांग मोठी असते. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले बरोबर असतील, तर त्यानंतरचा एखादा दिवस बरा. एकादशीलाच गेलात तर भगर, दाण्याची आमटी आणि रताळी बरोबर घ्यावीत. एरवी बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि ठेचा बांधून न्यावा. झाडाखाली सगळ्यांनी मिळून खाल्लेल्या त्या जेवणाची गोडी हॉटेलात येत नाही. लहान मुलाच्या खिशात गावाचे नाव आणि घरचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. दागिने घरीच कुलपात असू द्यावेत.

यात्रेचा खर्च कांद्याच्या पट्टीतून आधीच बाजूला काढावा, म्हणजे उसनवारी होत नाही. त्यातले थोडे पैसे घरातल्या प्रत्येकाच्या हातात द्यावेत, म्हातारीच्याही आणि सुनेच्याही. दहाची नोट का असेना, ती आपल्या मनाने खर्च करण्यात वेगळेच सुख असते.

घरी आल्यावर पोरांना गोडीशेव द्या आणि जवळ बसवून घ्या. १८७०-७१ ची गोष्ट सांगा, १९७२ ची सांगा. घरातल्या वडीलधाऱ्यांना सुकडीची चव अजून आठवत असेल, त्यांनाच सांगू द्या. आणि जमल्यास गावातल्या एखाद्या अडलेल्या घरी पायलीभर बाजरी गाजावाजा न करता पोचवा. खजिना वाटून देणाऱ्याची यात्रा केली, तर एवढे आपल्या हातून घडायला हवे.

आमच्या वडिलांनी पुढे एक वर्षाआड घर राखले. आईच्या हातात मग मापाच्या बांगड्या दिसू लागल्या.