ओले सरपण आणि आपली फुप्फुसे

पावसाळा सुरू झाला की महाळुंगे-चाकण भागातून माझ्याकडे खोकल्याचे रुग्ण वाढतात. पडसे, दमा ही नेहमीची कारणे असतातच. पण घरातली बाई आणि लहान मूल दोघेही खोकत आले की मी एक प्रश्न हमखास विचारतो, "आंघोळीचे पाणी कशावर तापवता?" गॅस बहुतेक घरांत आला, तरी पुष्कळ ठिकाणी तो स्वयंपाकापुरताच वापरतात. पाण्यासाठी पडवीत चूल किंवा बंब पेटतो. त्यात लाकडे, कारखान्यांतून आलेल्या मोडक्या पेट्यांच्या फळ्या आणि भुशाच्या दाबलेल्या कांड्या जातात. पावसात हे सगळे सरपण ओलसर होते आणि घर धुराने भरते.

धूर का होतो?

नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते. नीट वाळवलेल्या लाकडात ते पंधरा-वीस टक्क्यांवर येते. चूल पेटली की आधी हे पाणी उडून जावे लागते. साधे पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. म्हणजे आपल्या हंड्याखालची आच लाकडातले पाणी आटवण्यातच खर्च होते.

खरा तोटा पुढे आहे. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात. ते पेटले म्हणजे ज्वाळ दिसते. ओलाव्याने जाळ थंडावला, तर हे वायू न जळताच बाहेर पडतात. त्यांत काजळी, डांबरासारखे चिकट द्रव्य आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. धूर म्हणजे न जळालेले सरपणच. ते आपल्या छातीत जाते.

कांड्यांचे काय?

भुसा, उसाचे चिपाड, भुईमुगाची टरफले यंत्रात दाबून केलेल्या कांड्यांना आपल्याकडे 'पांढरा कोळसा' म्हणतात. त्या करताना माल चांगला कोरडा, साधारण दहा टक्के ओलाव्याचा लागतो. बहुतेक कांड्यांत वेगळा डिंक नसतो. दाबाने आणि उष्णतेने लाकडातलेच द्रव्य मऊ होऊन भुसा धरून ठेवते. म्हणून लाकूड भिजले तर वाळवता येते, पण भिजलेली कांडी फुगते आणि तिचा पुन्हा भुसा होतो. तो भुसा चुलीत नुसता धुमसतो.

शरीरावर परिणाम

डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे हे लगेच कळते. धुरातले अतिसूक्ष्म कण मात्र फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. लहान मुलांत न्यूमोनियाचा धोका वाढतो. वर्षानुवर्षे धुरात बसणाऱ्या बाईला विडी न ओढताही श्वसनमार्ग अरुंद होण्याचा कायमचा विकार जडतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात याकडे जगाचे लक्ष वेधले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

धूर नाही म्हणजे धोका नाही?

असे समजू नका. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या केल्या. त्यासाठी २००२ साली संस्थेला ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. असा कोळसा फार कमी धुराने जळतो. पण कुठलाही कोळसा बंद खोलीत जाळला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत शेगडी आत घेऊन दार लावून झोपणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. घरातल्या एकाहून अधिक माणसांचे एकदम डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली, तर सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत तो आकडा चांगलाच दाखवतो.

एवढे करा

१. सरपण उन्हाळ्यातच भरून ठेवा. जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, वर पत्रा आणि बाजूने वारा खेळेल असे रचा. ओला माल प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. बुरशी धरते, तीही दमेकऱ्याला वाईट.

२. दोन लाकडे एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला तर वाळलेली, 'थप्' झाला तर ओली. जळताना टोकाला फेस येत असेल तर ते लाकूड बाजूला ठेवा.

३. कोरडी कांडी 'कट्'कन तुटते. फुगलेली, पोपडे सुटलेली कांडी घरात जाळू नका. विकत घेताना एक मोडून पाहा.

४. ओले पेटत नाही म्हणून रॉकेल, प्लास्टिकची पिशवी, टायरचा तुकडा टाकू नका. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड आणि 'एमबी' असा शिक्का असलेल्या पेट्या चुलीत घालू नका.

५. चूल शक्यतो उघड्यावर ठेवा. तान्ह्या बाळाला घेऊन जाळापाशी बसू नका.

६. खोकला तीन आठवड्यांवर गेला किंवा जिना चढताना दम लागू लागला, तर दुखणे अंगावर काढू नका, तपासून घ्या.

ज्यांना जमेल त्यांनी पाणीही गॅसवरच तापवावे. ज्यांना जमत नाही त्यांनी निदान सरपण कोरडे ठेवावे. त्याला पैसे पडत नाहीत. ऊन आपल्याकडे पुष्कळ आहे.