मापाचा कपडा, मानाचा कपडा

घरातल्या कपाटाचा खालचा कप्पा उघडलात, की चार-पाच टी-शर्ट तरी नक्की हाती लागतील. कंपनीच्या कार्यक्रमात मिळालेला, गणेश मंडळाचा, ‘ह्यां’ना पोटावर घट्ट होणारा, नाहीतर मुलाला ढगळ होणारा. कापड धडधाकट असतं, टाकवत नाही. मग एक दिवस सगळं गाठोडं कामवाल्या मावशींना दिलं जातं, किंवा आमच्यासारख्या वस्तीत काम करणाऱ्यांकडे येतं. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो.

पुढे हेच टी-शर्ट बालवाडीतल्या चार-पाच वर्षांच्या पोरांच्या अंगावर दिसतात. बाही कोपराखाली, गळा खांद्यावरून घसरलेला, खालचा घेर पळताना पायात येणारा. आमच्याकडची एक मुलगी तर खेळायला उठायचीच नाही. एका हाताने गळा धरून बसायची. तिच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, “ताई, दिलेलं आहे, मापाचं कुठून असणार?”

का नसावं? टी-शर्ट लहान करणं तासाभराचं काम आहे. वस्तीतल्या शिवणवर्गात आम्ही तेच करायला घेतलं.

टी-शर्ट धुऊन, उलटा करून, मधोमध उभा दुमडावा. मुलाच्या अंगात नीट बसणारा एक कपडा तसाच दुमडून त्यावर ठेवावा. खालच्या दुमडी जुळवाव्यात, म्हणजे तयार पट्टी वाया जात नाही. बाजूने शिलाईसाठी अर्धा इंच सोडून खडूने आखावं. लहान गळा जुन्या गळ्याच्या खालीच आखावा. बाहीसुद्धा तिची तयार दुमड ठेवून वरून कापावी. गळ्याला उरलेल्या कापडाची दीड इंची आडवी पट्टी लावावी. ती गळ्याच्या घेरापेक्षा थोडी आखूड घेऊन ताणत जोडली, की गळा झोल खात नाही. मात्र मुलाचं डोकं त्यातून सहज जातंय ना, ते आधी बघावं.

हे होजिअरीचं विणलेलं कापड. त्याच्या दशा निघत नाहीत, पण ते ताणलं जातं. साध्या टीपेचा धागा ताण पडला की तुटतो, म्हणून नागमोडी टीप मारावी. मशीनवर ती सोय नसेल, तर कापड किंचित ताणून बारीक सरळ टीप घालावी. सुई गोल टोकाची घ्यावी, नाहीतर कापडाला भोकं पडतात. छातीवर जाहिरात असेल, तर तेवढा भाग कातरताना वगळावा. पोराच्या छातीवर कंपनीचं नाव कशाला?

त्या मुलीच्या आईने पहिला टी-शर्ट स्वतः कातरला. दुसऱ्या दिवशी पोरीचे दोन्ही हात मोकळे होते आणि ती घसरगुंडीच्या रांगेत उभी होती.

आपल्याकडे बाळाचं पहिलं झबलं आजीच्या जुन्या लुगड्याचं, आजोबांच्या धोतराचं शिवत. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड बाळाला टोचत नाही, हे त्यामागचं शहाणपण. कापड जुनंच असे, पण झबलं बाळाच्या मापाचं असे.

तुम्हाला शिवता येत नसेल, तर गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडून शिलाई देऊन करून घ्या. त्यांनाही चार पैसे मिळतील. आणि पुढच्या वेळी गाठोडं बांधण्याआधी एवढंच विचारा, घालणारं मूल केवढं आहे?