बिनतारी गाडी जड कां चालते?

बिनतारी लहरींनीं चालणारी खेळण्यांतील मोटारगाडी तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. गेल्या वर्षीं विज्ञान-प्रदर्शनासाठीं नववींतील एका विद्यार्थ्यानें अशी एक गाडी सुटे भाग जोडून तयार केली. ती खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाची असून मागील दोन चाकांच्या जोरावर चालणारी होती. प्रदर्शनास आठच दिवस उरले होते. गाडी पटांगणावर तीन-चार मिनिटें धांवे, मग मंदावे व थांबे. थोडा विसांवा दिला कीं पुन्हां निघे. बिनतारी यंत्रच बिघडलें, अशी मुलाची समजूत झाली. परंतु गाडी थांबलेली असतांहि पुढचीं चाकें हुकुमाप्रमाणें डावीउजवीकडे वळत होतीं. अर्थात् संदेश पोंचत होता. निकोला टेस्लानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें बिनतारीनें छोटी नाव चालवून दाखविली, तेव्हांपासून प्रत्येक अडचणीचें खापर लोक त्या अदृश्य लहरींवरच फोडीत असावेत!

पुढें जाण्याआधीं माझी चूक सांगितली पाहिजे. मीं चाक फिरवून पाहिलें, तें जड लागलें, आणि दांतेरी चाकांवर शिवणयंत्राचें तेल सोडण्यास मीं मुलास सांगितलें. पटांगणावरील धूळ त्या तेलांत कालवली जाऊन दांत्यांत तिचा लेप बसला. दुसऱ्या दिवशीं जळल्याचा वास आला. ती विजेची मोटर मुलानें सांठविलेल्या पैशांतून घेतली होती. नवी मीं आणून दिली. परंतु पहिली कां जळाली हें कळल्यावांचून ती बसविण्यांत अर्थ नव्हता.

विजेची मोटर फिरतांना स्वतःच उलट दिशेचा विद्युद्दाब उत्पन्न करिते, व त्यामुळें बॅटरींतून येणाऱ्या प्रवाहास आळा बसतो. चाकें जड झालीं कीं मोटर मंदावते, तो आळा सैल होतो आणि प्रवाह वाढतो. तारेंतील उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. म्हणून अडूं लागलेल्या गाडीची कळ अधिक जोरानें दाबणें म्हणजे चिखलांत रुतलेल्या बैलास चाबूक मारणें होय. आमची गाडी थांबे, कारण वेगाचें नियमन करणारी पेटी तापली कीं आपोआप प्रवाह तोडी. मात्र ती स्वतःचें रक्षण करी, मोटरचें नव्हे.

आतां शक्तीचा मार्ग पाहूं. मोटरच्या दांड्यावरील लहान दांतेरी चाक, ज्यास पिनियन म्हणतात, तें एका मोठ्या दांतेरी चाकास फिरवितें. तेथून शक्ति डिफरन्शियलच्या पेटींत जाते. वळणावर दोन्ही चाकांस निरनिराळ्या वेगानें फिरूं देणारी ती युक्ति आहे. तेथून दोन दांडे निघून मागील चाकांस जातात. अडथळा यांपैकीं कोठेंहि असूं शकेल. अशा वेळीं सारे स्क्रू काढून गाडी मोकळी करण्याचा मोह होतो. परंतु सर्व भाग एकदम सुटे केले म्हणजे दोषहि त्यांबरोबर नाहींसा होतो, व पुन्हां जोडतांच परत येतो. सांखळीची एकेक कडीच वेगळी करावी व प्रत्येक वेळीं हातानें फिरवून पाहावें.

प्रथम आम्हीं मोटर काढली. (मोटर नुसती फिरवितांना लोहचुंबकामुळें हातास खांचा लागल्यासारखें वाटतें, तो दोष नव्हे.) मग मागचीं दोन्ही चाकें एकाच दिशेनें बरोबर फिरविलीं. तीं पहिल्यापेक्षां हलकीं लागलीं, पण मोकळीं नव्हतीं. म्हणजे दोष एक नसून दोन होते! एक पिनियनपाशीं, दुसरा पुढें. पिनियन मोठ्या चाकांत फारच दाबून बसविलें होतें. त्याचा उपाय सोपा आहे. दांते स्वच्छ पुसून दोहोंमध्यें वहीच्या कागदाची पट्टी घालावी, मोटर त्यावर टेकवून स्क्रू आंवळावे, व चाक फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर नागमोडी घड्या पडाव्या, पण ती फाटूं नये.

दुसऱ्या दोषासाठीं चाकावर खडूनें खूण करून जडपणा केव्हां लागतो हें मोजलें. चाकाच्या एका फेऱ्यांत तो एकदांच लागला, तर चाकाच्या वेगानें फिरणारा दांडा किंवा आंस वांकला असण्याचा संभव असतो; अनेकदां लागला, तर अधिक वेगानें फिरणाऱ्या दांतेरी चाकांकडे पाहावें. आमच्या गाडींत तो फेराभर सारखाच होता. म्हणजे कांहीं वांकलें नव्हतें. कांहीं तरी दाबलें गेलें होतें. दोन्ही दांडे सोडवून चाकें वेगवेगळीं फिरविलीं. उजवें गरगर फिरलें, डावें जागींच थबकलें. डाव्याचा नट पाव फेरा सैल करितांच तेंहि मोकळें झालें. चाकाच्या आंसावर दोन बेअरिंगें असतात. त्यांच्या मधली छोटी नळी नसेल, तर नट आंवळतांच तीं बाजूनें दाबलीं जातात. ही नळी, वाटाण्याएवढी, खोक्याच्या तळाशीं कागदी पुडींत सांपडली. "जास्तीची असेल असें वाटलें, सर," मुलगा म्हणाला. पालकांनींहि हें लक्षांत असूं द्यावें: खेळणें जोडून झाल्यावर उरलेले बारीक तुकडे केरांत टाकूं नयेत.

आंसाभोंवतीं गुंडाळलेला केंस किंवा दोरा, अथवा पेटीचे फार आंवळलेले स्क्रू, यांनींहि असेंच घडतें. गाडीची मागील बाजू वरखालीं दाबूनहि चाक फिरवावें. कधीं कधीं दांडा एका टोकाच्या स्थितींतच अडकतो.

नळी बसवून नट पुन्हां आंवळला. प्रदर्शनाच्या आदल्या सायंकाळीं गाडी पटांगणावर दहा मिनिटें सारखी धांवली. मुलानें ती उचलून मोटरवर बोट ठेवलें, आणि तें त्यास काढावें लागलें नाहीं.